पाहुणे आले की हातोडी खाली

आमच्या घरात कधी कुणी कुजबुजलं नाही. कुजबुजून उपयोगच नव्हता. कसब्यातल्या तांबटांच्या आळीत आमचं घर, आणि बाबांच्या हातात हातोडी आली ती मिसरूड फुटायच्या आधी. त्यामुळे मला आठवतं तेव्हापासून बाबांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. आईने "अहो, पानं घेतलीयेत" अशी हाक मारली की समोरच्या घरातले लोक हात धुवायला उठायचे. माझे दहावीचे मार्क, मावशीचं ऑपरेशन, कुठल्या स्थळाने नकार कळवला, सगळं आळीला आमच्याबरोबरच कळायचं. आणि आळीचं आम्हाला. गुपित नावाची वस्तू आमच्याकडे नव्हतीच.

खाली कामाची जागा आणि वर राहायची. बाबा तांब्याचा पत्रा तापवायचे, ठोकून ठोकून त्याचा हंडा नाहीतर घंगाळ करायचे, आणि मग मठारायला बसायचे. मठारणं म्हणजे तयार भांड्यावर हातोडीचे एकाशेजारी एक ठोके देत जायचं, त्याने तांबं घट्ट होतं आणि अंगावर चकचकीत टिकल्या उठतात. लोकांना त्या टिकल्या फार आवडतात. पोकळ हंड्यावर दिवसभर तसे ठोके घालून बघा म्हणावं एकदा, मग आवडतात का सांगा. आणि हे एका घरातून नाही, आळीतल्या झाडून सगळ्या घरांतून चालायचं. नवखा माणूस आळीच्या तोंडाशी आला की कानांवर हात ठेवायचा आणि आम्हाला हसू यायचं. आम्ही पाळण्यातल्या झोपा त्याच आवाजात काढल्या होत्या.

चाळिशीत लोकांना चष्मा लागतो, तसे आमच्याकडे कान जायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

एक रिवाज मात्र आळी कसोशीने पाळायची. पाहुणा उंबऱ्याशी आला की हातोडी खाली ठेवायची. मग तो जावई असो, पोस्टमन असो, नाहीतर वर्गणी मागायला आलेली पोरं असोत. आलेल्या माणसासमोर ठोके घालत बसणं म्हणजे त्याला चालता हो म्हणण्यासारखं. शेजारी पाहुणा आलाय हे कळलं की आपणही थांबायचं, नाहीतर त्यांना बोलता कसं येणार? पाहुणा गेला की त्या घरातली हातोडी पुन्हा वाजायची आणि तीच बाकीच्यांना खूण. चला, गेले. मग सगळी आळी पुन्हा सुरू. पुण्याच्या पाहुणचाराबद्दल लोक काय वाट्टेल ते बोलतात, पण एका चहापायी अख्ख्या गल्लीचं काम थांबवणारी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

मी कॉलेजात असताना धंद्याला वाईट दिवस आले. घरोघरी गॅसचे गीझर आले, बंब मोडीत निघाले, आणि हंड्यांची जागा स्टीलने घेतली. चुलतभाऊ एकेक करून भोसरीला कारखान्यात लागले. मग कॉम्प्युटरवाले आले. हॉटेलं निघाली, मोठाले फ्लॅट झाले, आणि लोकांना अचानक तांब्याची आठवण आली. जो बंब आम्ही मोडीत जाताना पाहिला, तोच एका हॉटेलच्या दाराशी आत पामचं झाड लावून उभा केलेला पाहिला मी. म्हटलं, वा रे वा! पण काम आलं हे खरं. इतकं आलं की माझा धाकटा भाऊ बाबांच्या शेजारी बसून त्यांच्या दीडपट हातोडी चालवायला लागला.

मी कॉमर्स करून हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. सॉफ्टवेअरचा माझा संबंध एवढाच, की ते लिहिणाऱ्यांच्या खुर्च्या, पाण्याचे कूलर, बस आणि आग लागली तर पळायचे जिने हे सगळं माझ्याकडे होतं. पगार बरा होता. भाऊबीजेला खरं तर भावाने बहिणीला ओवाळणी घालायची, पण मी उलटी गंगा वाहवली आणि त्याला मोबाइल घेऊन दिला. आळीतला तो पहिलाच मोबाइल. तो त्याला रुमालात गुंडाळून ठेवायचा.

मी ऑफिसातून फोन करायचे. उचलेल तर शपथ!

"उचलत का नाहीस रे?"

"वाजतच नाही गं ताई."

"मी चार वेळा केला."

"मग तुझंच काहीतरी चुकत असेल."

असं आठवडाभर झाल्यावर माझं टाळकं सरकलं. शनिवारी त्याला घेऊन लक्ष्मी रोडवर दुकानात गेले आणि फोन काउंटरवर ठेवून म्हटलं, हा वाजत नाही. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "आमच्याकडे माल बिघडलेला नसतो. बाकी कोणी बिघडलेलं असेल तर त्याची गॅरंटी आम्ही घेत नाही." आणि त्याने दुकानातल्या फोनवरून नंबर फिरवला.

काउंटरवरचा मोबाइल किणकिणायला लागला. बारीक, टोचणारा आवाज. दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. एक भाऊ सोडून. तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि विजयाने म्हणाला, "बघ, मी सांगत होतो ना? नाही वाजत."

दुकानदाराच्या जिभेवर उत्तर तयार असणार, पुण्यातला दुकानदार तो. पण त्याने फोन उचलला, काही बटणं दाबली, आणि भावाच्या हातात ठेवून सावकाश म्हणाला, "खिशात ठेवत जा. आता थरथरेल तो." दुकानाबाहेर पडल्या पडल्या मी कानाच्या डॉक्टरांचा पत्ता शोधला.

कानाच्या डॉक्टरांनी भावाला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. मग मला समोर बसवून समजावलं, की आवाजाने कान जातात तेव्हा आधी बारीक आवाज जातात. फोनची रिंग, कुकरची शिटी, चिमण्या, लहान मुलांचं बोलणं. माणसाला वाटतं आपल्याला सगळं ऐकू येतंय, कारण जे येत नाही ते त्याला ठाऊकच नसतं. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं अजून बरंच आहे आणि ते वाचवता येईल, पण काम करताना कान झाकले तरच. नाहीतर चाळिशीत हाही वडिलांच्या शेजारी.

भावाचं वय तेव्हा सव्वीस. लग्न व्हायचं होतं. रिक्षात मी रडले. रिक्षाच्या फटफटीत त्याला ते ऐकू आलं नाही, का त्याने तसं दाखवलं, मला माहीत नाही. लहान मुलांचं बोलणं, हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

घरी सांगितलं, म्हणजे अर्थात आळीला सांगितलं. बाबा म्हणाले, "मला काय झालंय? मला येतं सगळं ऐकू!" मी ओरडून सांगितलं होतं म्हणून ऐकू आलं होतं. भाऊ म्हणाला, "कानांवर डबडी लावून बसलो तर लोक विचारतील, विमान कुठे उतरवलंस?" मी कापसाचे बोळे दिले. ते संध्याकाळी केरात सापडले. मी कानांवर लावायचं ते निळं साधन आणलं. ते भिंतीवरच्या खिळ्याला गेलं.

मी तशी गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, एवढा मोठा देश आहे, कामगारांच्या जिवासाठी काही कायदा असेल की नाही? एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, "कामगार किती?" म्हटलं, बाबा आणि भाऊ. "मालक?" म्हटलं, बाबा. "मग हा कारखाना नाही, त्याला दहा माणसं लागतात. हे घर आहे."

"पण तिथे काम होतं."

"घरात कामं असतातच हो. आमच्याही घरात असतात."

हे ते चेष्टेने म्हणाले नाहीत, अगदी मनापासून म्हणाले. म्हणजे दहा माणसं एकत्र बहिरी झाली तर कायद्याला ऐकू जातं, दोघं झाली तर नाही. मी त्यांना म्हटलं, "आपली कमाल आहे," आणि उठले. त्यांना ती स्तुती वाटली असावी.

त्यानंतरच्या हिवाळ्यात कंपनीत फर्मान आलं. कामाच्या जागी माणसाचं आरोग्य आणि सुरक्षितता राखण्याचे जे जुने कायदे होते, ते तपासून नवे कसे करावेत हे ठरवायला सरकारने समिती नेमली होती. ती गावोगाव फिरत होती आणि पुण्यात नव्या धर्तीची कामाची जागा म्हणून आमची इमारत बघणार होती. सगळी व्यवस्था माझ्याकडे. मी खुर्च्या पुसून घेतल्या, जिन्यातली खोकी हलवली, दिशादर्शक बाण नव्याने लावले.

समितीचे प्रमुख मूळचे नागपूरकडचे, पांढऱ्या केसांचे, बोलायला फार मऊ. सोबत इतर दोघं-तिघं आणि एक डॉक्टर बाई. या बाईंकडे पिशवीत आवाज मोजायचं एक यंत्र होतं. त्या दिवशी नेमकं आमच्या एका इंजिनियरने त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं, की एसीच्या घरघरीने कॉन्सन्ट्रेशन होत नाही, मी ॲडमिनला मेल टाकून थकलो. ॲडमिन म्हणजे मी. बाईंनी लगेच यंत्र काढलं, त्याच्या डोक्यावर धरलं, आकडा बघितला आणि हसून म्हणाल्या, "इतकी शांतता वाचनालयातही नसते." तरी साहेबांनी नोंद घेतली.

आणि माझा संयम संपला. घरघरीची नोंद! माझ्या भावाचे कान रोज थोडे थोडे चाललेत आणि इथे सरकार एसीची घरघर मोजतंय. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "मॅडम, हे यंत्र जरा कसब्यात आणाल का? आमच्या आळीत? माझा भाऊ सव्वीस वर्षांचा आहे आणि त्याला मोबाइल ऐकू येत नाही."

आमचे मॅनेजर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी टेबलावर चढलेय. बाईंनी मात्र काय काम, किती तास, घरातच का, असं एकामागून एक विचारलं आणि साहेबांकडे वळल्या. साहेब म्हणाले, "उद्या सकाळी मुंबईला निघायचंय. जाता जाता अर्धा तास काढू."

अर्धा तास तर अर्धा तास! संध्याकाळी मी बसमधून उतरले ती धावतच आळीत गेले आणि दारोदार सांगितलं, "उद्या सकाळी सरकारचे मोठे साहेब येणार आहेत. आपलं काम बघायला."

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, की यात काय चूक झाली? चूक अशी झाली, की मी तांबटांना सांगितलं पाहुणे येणार आहेत.

सकाळी मी पाहुण्यांना आणायला रस्त्यावर गेले तेव्हा आळी कामाला लागलेली होती. गाड्या काही आत येत नाहीत, म्हणून आम्ही चालत निघालो. मी साहेबांना सांगत होते, वळणावर कान सांभाळा हं, नव्या माणसाला त्रास होतो. वळण आलं. वळलो. आणि आळी चिडीचूप.

सडे घातलेले, रांगोळ्या काढलेल्या. गणपती मंडळाच्या लाल खुर्च्या आमच्या दारात मांडलेल्या. प्रत्येक घरात माणसं धुतलेले कपडे घालून हातोडी बाजूला ठेवून उभी, आणि आम्ही पुढून गेलो की हात जोडून नमस्कार. कुठेतरी नळ ठिबकत होता तो ऐकू येत होता. मला कळेना रडावं का डोकं आपटून घ्यावं.

बाबा दाढी करून, टोपी घालून दारात. आईने ठेवणीतल्या कपबश्या काढलेल्या. साहेब बसले, चारी बाजूंना बघितलं आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "किती शांत वाटतं हो इथे! गर्दीच्या पेठेत अशी जागा असेल असं वाटलं नव्हतं." सोबतच्या एका गृहस्थांनी मान डोलावून काही लिहून घेतलं. काय लिहिलं असणार! डॉक्टर बाईंनी यंत्र काढून धरलं, आकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली ठेवलं.

मी बाबांच्या कानाशी जाऊन ओरडले, "बाबा, हातोडी चालवा!"

"काय?"

"काम! काम करून दाखवा!"

बाबा इतके दुखावले की काय सांगू. "पाहुण्यांच्या तोंडावर? ते चहा घेतायत आणि मी ठोके घालू? तुला हेच शिकवलं का आम्ही?" हे अर्थात त्यांच्या नेहमीच्या आवाजात. साहेब गडबडून म्हणाले, "राहू द्या, राहू द्या, आम्हाला कल्पना आली." कसली कल्पना आली? नळाची?

"साहेब, ही माणसं तुमच्यासाठी थांबलीत," मी म्हटलं. "पाहुणा आला की हातोडी खाली ठेवतात आमच्याकडे. तुम्ही गेलात की पुन्हा सुरू होईल. तुम्हाला ते कधीच ऐकायला मिळणार नाही."

साहेब समजूतदारपणे हसले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता, पण मुंबई गाठायची होती. आई कप गोळा करायला वाकली आणि मला वाटलं, संपलं. हे उठणार, यांच्या कागदावर आमची आळी शांत म्हणून लागणार, आणि पुढची तीस वर्षं कुणी विचारायला येणार नाही.

तेव्हा भाऊ उठला. तो इतका वेळ कोपऱ्यात होता. आमचं बोलणं त्याला किती ऐकू गेलं देव जाणे, पण त्याने माझा चेहरा बघितला असणार. त्याने बाबांकडे बघून हात जोडले, माफी मागतात तसे. मग तो आपल्या जागेवर बसला, अर्धा मठारलेला हंडा ऐरणीवर चढवला आणि हातोडी उचलली.

पहिल्या ठोक्याला साहेबांच्या हातातली बशी उडाली. दुसऱ्या-तिसऱ्याला ते खुर्चीतून अर्धे उठले. बाबा "अरे, अरे" म्हणत पुढे आले. आणि मग जे झालं ते मी ठरवून जन्मात करू शकले नसते.

शेजारच्या घरात आमची हातोडी ऐकू गेली. त्यांनी ओळखलं, पाहुणे गेले. त्यांनी आपली सुरू केली. ती ऐकून त्यांच्या पलीकडच्यांनी. मग समोरच्यांनी. इतका वेळ सगळ्यांचं काम तुंबलेलं, म्हणजे जोर केवढा! बघता बघता सगळी आळी अशी घुमायला लागली की भिंतीवरचा आरसा थरथरत होता. साहेब माझ्याशी काहीतरी बोलत होते, म्हणजे त्यांचे ओठ हलत होते. लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी लिहायचं सोडून दोन्ही कान दाबले होते. डॉक्टर बाईंनी यंत्र उचललं, बघितलं, आणि सरळ साहेबांच्या नाकासमोर धरलं. साहेब त्या आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भावाकडे बघितलं. त्याचं डोकं हंड्यावर झुकलेलं, कान उघडे, चेहऱ्यावर काही नाही. त्याला काही विशेष वाटतच नव्हतं.

आता थांबवणार कसं? बाबा दारात उभे राहून ओरडत होते, "पाहुणे आहेत! अजून आहेत!" पण ऐकणार कोण? हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईही हसत होत्या. शेवटी आईच घरोघर जाऊन एकेकाच्या पाठीत धपाटे घालून आली, तेव्हा आळी शांत झाली. समोरच्या काकांनी उंबऱ्याशी येऊन साहेबांची इतकी क्षमा मागितली की साहेबच ओशाळले.

साहेब मुंबईला उशिरा पोचले असणार. निघताना त्यांनी भावाला विचारलं, "रोज असंच?" भावाला ते ऐकू गेलं नाही. मी ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "नाही नाही साहेब. आज जरा कमी होतं, दोन घरं लग्नाला गेलीत."

लगेच कायदा बदलला असं मी सांगितलं तर मला लोक वेड्यात काढतील. अहवाल गेला दिल्लीला, आणि दिल्लीत कपाटं पुष्कळ. बाई पुढे कधीतरी म्हणाल्या, की घरात चालणाऱ्या कामालाही कामाची जागा धरावं असं त्यांनी भांडून त्यात घालून घेतलं, आणि पाहणी काम चालू असतानाच करावी असंही एक वाक्य आहे. ते वाक्य आमच्या आळीचं, असं मी मानते. पुढे बऱ्याच वर्षांनी जुने कायदे एकत्र करून नवी संहिता आली. ती मी वाचली. आमच्या दोन माणसांच्या घराला ती लागू करायची तर अजून वाद घालावा लागेल असं माझ्या ध्यानात आलं. घालू की. वाद घालायला पुण्यात माणसं कमी नाहीत.

पण बाई थांबल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात त्या परत आल्या, एका दवाखान्याची माणसं घेऊन, आणि मंडळाच्या खोलीत सगळ्या आळीचे कान तपासले. बाबांच्या कानांत जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. भावाचं डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच, काही गेलेलं, बरंच बाकी. बाईंनी आवाज कमी करणारी पण अगदी बंद न करणारी साधनं घरोघर दिली, ठोक्याचा अंदाज जाऊ नये म्हणून. भाऊ हो म्हणाला. आणि तीही खिळ्याला गेली, आमच्याकडे तशी सगळ्यांकडेच. बोलून बोलून माझ्या तोंडाला फेस आला. त्याला मरणाची लाज वाटत होती.

मग एका सकाळी मी बससाठी निघाले तर आळीतली पोरं आमच्या दारात उभी राहून फिदीफिदी हसतायत. बघते तर बाबा कामाला बसलेले, आणि टोपीवरून ते निळं साधन कानांवर चढवलेलं. आळी हसत होती. बाबांना ते हसणं ऐकू जात नव्हतं. बहिरेपणाचा तेवढा एक फायदा.

आई धावत आली आणि त्यांच्या खांद्याला हलवून ओरडली, "अहो, तुम्हाला काय उपयोग त्याचा आता?"

बाबांनी साधन काढलं. त्यांना वाटलं असावं की ते आईला एकटीलाच सांगतायत. पण त्यांना हळू बोलता येत नव्हतं, कधीच येत नव्हतं, आणि ते शब्द आळीच्या टोकापर्यंत गेले. "मला नाही उपयोग. माझं आता काय राहिलंय जपायला! पण म्हाताऱ्याने घातलं म्हणजे पोराला कोण हसणार?"

हसणं थांबलं. भाऊ जिन्यात उभा होता. तो खाली आला, बाबांच्या हातातलं ते निळं साधन घेतलं, आपल्या कानांवर चढवलं आणि त्यांच्या शेजारी बसला. कुणी हसलं नाही. दिवाळीपर्यंत आळीतल्या निम्म्या घरांत खिळे मोकळे झाले. मी त्या दिवशी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले, कारण डोळे आवरत नव्हते, आणि हिंजवडीपर्यंत ट्रॅफिक होता म्हणून बरं.

भावाचं लग्न झालं. मुलीकडच्यांना आम्ही कानांचं आधीच सांगितलं. तसंही आळीने सांगितलंच असतं. त्याला मुलगी झाली. दर वर्षी तो कान तपासून घेतो. जेवढे उरले होते तेवढे अजून आहेत.

भाची तीनेक वर्षांची असतानाची गोष्ट. रविवार होता. काम थांबलेलं, बाबा दारात खुर्ची टाकून बसलेले, भाऊ जमिनीवर भिंतीला टेकून. भाची आली, बापाच्या मांडीवर चढली, त्याचा कान दोन्ही हातांनी धरला आणि तोंड अगदी जवळ नेऊन काहीतरी पुटपुटली. ओठ हलले एवढंच मला दिसलं. मला काही ऐकू आलं नाही. मी हातातली भाजी तशीच धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. डॉक्टरांचे शब्द मी विसरले नव्हते. बारीक आवाज. लहान मुलांचं बोलणं.

भावाने मान आणखी वाकवली. मग त्याचे डोळे मोठे झाले, त्याने "खरंच?" केलं आणि खो खो हसत सुटला. मग तिच्या कानाशी तोंड नेऊन त्यानेही काहीतरी सांगितलं. तिने जोरजोरात मान हलवली.

"काय म्हणाली रे?" मी विचारलं.

"सांगणार नाही. गुपित आहे आमचं."

"मी आत्या आहे तिची!"

"मग काय झालं?"

बाबांनी आमचे हलणारे चेहरे बघितले आणि दारातून विचारलं, "काय? काय झालं?"

मी त्यांच्याजवळ गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडले, "काही नाही बाबा! आपल्या घरात गुपित झालंय!"

समोरच्या खिडकीतून लगेच आवाज आला, "कसलं गं?"

मला आजतागायत कळलेलं नाही.